विल्यम पेन व त्याची अरण्यभूमी

पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपातील राष्ट्रांनी समुद्रमार्गे जे देश धुंडाळले व त्यांत ज्या वसाहती स्थापिल्या, त्यांचा इतिहास वाचू लागले म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. जी भूमी राजाने डोळ्यांनी पाहिलेली नाही, जिची सीमा नकाशावरही धड आखलेली नाही, ती भूमी तो आपल्या दरबारात बसून कोणा सरदारास अथवा व्यापारी मंडळीस खुशाल बहाल करी; आणि ज्यांच्या वाडवडिलांची हाडे त्या भूमीत पुरलेली, त्यांस ह्या देण्याघेण्याची वार्ताही नसे. ह्या रीतीस जो काही अंशी अपवाद ठरला, अशा एका इंग्रज गृहस्थाचे चरित्र येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. त्याचे नाव विल्यम पेन. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया हा प्रांत त्याने वसविला, आणि फिलाडेल्फिया हे नगर त्याच्याच कल्पनेतून उभे राहिले.

विल्यमचा जन्म लंडन शहरात इ. स. १६४४ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १४ व्या तारखेस झाला. त्याचा पिताही विल्यम पेन ह्याच नावाचा असून तो आरमारात मोठ्या हुद्द्यावर होता. इ. स. १६५५ मध्ये वेस्ट इंडीज बेटांवर जी मोहीम गेली तिचे आरमार ह्याच पित्याच्या हाताखाली होते. तिचा मुख्य हेतू फसला, परंतु जमेका बेट मात्र इंग्रजांच्या हाती आले. आयर्लंडातही ह्या घराण्यास जमीन मिळाली होती, आणि ती अर्थातच तेथील पूर्वीच्या मालकांपासून हिरावून घेतलेली होती. पुढे दुसरा चार्ल्स राजा गादीवर आला तेव्हा बापाने वेळेवर त्याचा पक्ष धरला व सरदारकी मिळविली. मुलाने दरबारात चमकावे, राजाची मर्जी संपादावी आणि घराण्याचे नाव वाढवावे, एवढीच त्या दर्यावर्दी पुरुषाची इच्छा होती. ती कशी पार पडली, हे पुढे दिसेलच.

वयाच्या सोळाव्या वर्षी विल्यम ऑक्सफर्ड येथे शिकावयास गेला. विद्यापीठाने ठरवून दिलेल्या उपासनेस तो हजर राहीना, तेव्हा इ. स. १६६२ मध्ये त्यास तेथून काढून टाकण्यात आले. बापाने त्यास बदडले, घराबाहेर घातले, आणि मग राग शांत झाल्यावर फ्रान्सला पाठवून दिले. तेथे मुलगा उंची पोशाख करावयास व तलवार चालवावयास शिकला. बापास वाटले, मुलगा ताळ्यावर आला! परंतु सोम्यूर येथील प्रॉटेस्टंट विद्यालयात त्याने ईश्वरज्ञानाचाही अभ्यास केला, हे बापाच्या फारसे ध्यानात आले नसावे. परत आल्यावर तो लंडनमध्ये कायदा शिकू लागला. इ. स. १६६५ मध्ये त्या शहरात प्लेगची भयंकर साथ आली व पुढच्याच वर्षी आगीने शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. अरुंद गल्ल्या व एकमेकांस खेटून उभी असलेली लाकडी घरे, ह्यांनी मृत्यूस किती साहाय्य केले हे ह्या तरुणाने पाहिले. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

बापाच्या आयर्लंडातील जमिनीची व्यवस्था पाहण्यास विल्यम तिकडे गेला असता, इ. स. १६६७ मध्ये कॉर्क गावी टॉमस लो नावाच्या उपदेशकाचे भाषण त्याच्या कानी पडले. हा उपदेशक क्वेकर पंथाचा होता. देवाचा प्रकाश प्रत्येक मनुष्याच्या अंतःकरणात आहे, म्हणून उपासनेस पगारी पाळक नको, युद्ध नको, न्यायासनासमोर शपथही नको, आणि मनुष्याने मनुष्यापुढे टोपी उतरून लवू नये, असे ह्या पंथाचे लोक मानीत. त्यांच्या सभांवर सरकारची करडी नजर असे व शेकडो क्वेकर तुरुंगात खितपत होते. बावीस तेवीस वर्षांचा, दरबारी घराण्यातील हा तरुण त्यांस जाऊन मिळाला. बापाने अखेर एवढेच मागितले की, निदान राजापुढे, राजाच्या भावापुढे व माझ्यापुढे तरी टोपी काढ. मुलाने तेवढेही मान्य केले नाही. पुढे एकदा तो टोपी घालूनच चार्ल्स राजासमोर उभा राहिला, तेव्हा विनोदी राजाने स्वतःचीच टोपी उतरली, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, दोघांच्याही स्वभावास शोभण्यासारखी आहे.

इ. स. १६६८ मध्ये परवान्यावाचून एक धर्मविषयक पुस्तक छापल्याबद्दल पेन ह्यास लंडनच्या टॉवरमध्ये कोंडण्यात आले. तेथे त्याने सातआठ महिने काढले, व त्या अवधीत दुसरे एक मोठे पुस्तक लिहिले! परंतु त्याच्या आयुष्यातील खरी कसोटी इ. स. १६७० साली लागली. क्वेकरांच्या सभागृहास सरकारने कुलूप ठोकले असल्यामुळे पेन याने त्याच रस्त्यावर उभे राहून उपदेश केला. त्यास व विल्यम मीड नावाच्या त्याच्या सोबत्यास पकडून न्यायालयात उभे करण्यात आले. आत येताना दोघांच्याही डोक्यांवर टोप्या नव्हत्या; तेव्हा न्यायाधिकाऱ्यांनी शिपायाकडून त्यांच्या डोक्यांवर टोप्या घालविल्या, आणि लगेच न्यायालयात टोप्या घातल्याबद्दल त्यांस दंड केला! आपण कोणता कायदा मोडला तो दाखवा, असा आग्रह पेन धरून बसला. तो कोणी दाखवू शकला नाही. बारा पंचांनी, पेन रस्त्यावर बोलला एवढेच खरे, बेकायदेशीर जमाव केल्याचा दोष त्याजवर येत नाही, असा अभिप्राय दिला. न्यायाधीश संतापले. पंचांस दोन रात्री अन्न, पाणी व शेकोटी ह्यांवाचून कोंडून ठेवण्यात आले. तथापि त्यांनी आपला अभिप्राय फिरविला नाही, उलट शेवटी स्पष्टपणे निर्दोष असे सांगितले. मग पंचांसच दंड झाला. त्यांपैकी एडवर्ड बुशेल ह्याने दंड भरण्याचे नाकारून वरच्या न्यायालयात दाद मागितली, व अभिप्रायाबद्दल पंचांस शिक्षा करता येत नाही, हे तत्त्व इंग्रजी कायद्यात कायमचे ठरून गेले. आमच्या मते ह्या प्रकरणात पेनच्या वक्तृत्वापेक्षा त्या भुकेल्या बारा माणसांचा चिवटपणाच अधिक स्मरणीय आहे. इकडे बाप मृत्युशय्येवर होता. त्याने दंड भरून मुलास सोडविले; पितापुत्रांचा समेट झाला, आणि काही दिवसांतच बाप वारला.

त्या बापामागे मुलास जे वारसाहक्काने मिळाले, त्यात राजाकडून येणे असलेले एक मोठे कर्ज होते. ते सुमारे १६,००० पौंड झाले होते. चार्ल्स राजाच्या खजिन्यात रोकड क्वचितच असे. परंतु अटलांटिकच्या पलीकडे अफाट अरण्ये होती, आणि ती देण्यास त्याचे काही खर्च होत नव्हते. पेन याने कर्जाऐवजी डेलावेअर नदीच्या पश्चिमेची भूमी मागितली. इ. स. १६८१ च्या मार्च महिन्याच्या ४ थ्या तारखेस सनदेवर राजाची मोहर झाली, आणि सुमारे ४५,००० चौरस मैलांच्या प्रदेशाचा एक मनुष्य मालक झाला. त्याबद्दल त्याने राजास दरसाल बीव्हर नावाच्या जलचर प्राण्याची दोन कातडी द्यावयाची होती. आमच्या वाचकांस येथे दुसरी एक सनद आठवेल. ह्याच चार्ल्स राजाने लग्नात आंदण मिळालेले मुंबई बेट इ. स. १६६८ मध्ये वार्षिक १० पौंड सोने घेण्याच्या कराराने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले होते. भंडारी, कोळी, आगरी यांस कोणी विचारले नाही. डेलावेअरच्या काठच्या लोकांसही राजाने विचारले नाही.

नव्या प्रांतास काय नाव द्यावे, ह्यावरून थोडी गंमत झाली. पेन याने न्यू वेल्स असे सुचविले. ते मान्य झाले नाही. मग त्याने अरण्यभूमी ह्या अर्थाचे सिल्व्हेनिया हे नाव सुचविले. राजाने त्यास त्याच्या मृत पित्याच्या सन्मानार्थ पेन हा शब्द जोडला. आपण स्वतःच्याच नावाने प्रांत वसवितो आहो असे लोक म्हणतील, ह्या भीतीने पेनने ते बदलून घेण्याची खटपट केली, पण व्यर्थ.

राजाची सनद हाती आली. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर शिपाई घेऊन निघाला असता. पेन याने निराळाच मार्ग धरिला. त्या प्रदेशात लेनापी नावाचे लोक राहत असत. युरोपीय लोकांबरोबर आलेल्या साथींनी त्यांची संख्या पूर्वीच बरीच घटली होती. तथापि नद्यांच्या काठी त्यांची गावे, मक्याची शेते व शिकारीची राने होती. राजाने मला तुमच्या देशात मोठा मुलूख दिला आहे, पण तो मी तुमच्या प्रीतीने व संमतीनेच उपभोगू इच्छितो, ह्या आशयाचे पत्र त्याने इ. स. १६८१ मध्येच त्यांस धाडिले. आपला चुलतबंधू विल्यम मार्कहॅम ह्यास पुढे पाठवून त्याने पुढील वर्षी जमिनीची पहिली खरेदी केली. त्या खरेदीखतात शिंपल्यांचे मणी, घोंगड्या, बंदुका, किटल्या, कुऱ्हाडी, कुदळी, सुऱ्या अशा जिनसांची लांबलचक यादी आहे. वसाहतवाला व लेनापी ह्यांच्यात तंटा पडल्यास सहा इंग्रज व सहा लेनापी अशा बारा पंचांनी तो तोडावा, असाही नियम त्याने केला. उपाशी कोंडलेले बारा पंच ज्याने पाहिले होते, त्यास पंचांची किंमत चांगली ठाऊक होती.

येथे एक शंका घेणे अवश्य आहे. जमीन विकणे ह्या शब्दांचा अर्थ दोन्ही पक्षांच्या मनात एकच होता काय? इंग्रजास खरेदी म्हणजे कायमची मालकी. लेनापी लोकांच्या रीतीत भूमीचा उपभोग वाटून घेता येई, पण ती कोणा एकाची कुंपण घातलेली मिळकत होत नसे. पेन याने एकाच भागाबद्दल निरनिराळ्या नायकांस वेळोवेळी मोबदला दिला, ह्यावरून त्यास ह्या अडचणीची थोडीबहुत जाणीव असावी असे आम्हांस वाटते. तथापि तो नुसता साधू नव्हता. जमिनीचा व्यापारीही होता. १०० पौंडांस ५,००० एकर ह्या भावाने त्याने इंग्लंड, वेल्स व आयर्लंड ह्या देशांत गिऱ्हाइके मिळविली, आणि दर शंभर एकरांमागे वार्षिक एक शिलिंग खंड ठरविला. छळलेल्या लोकांस आश्रय मिळावा व आपल्या घरासही उत्पन्न व्हावे, ह्या दोन्ही इच्छा त्याच्या मनात शेजारी शेजारी नांदत होत्या.

इ. स. १६८२ मध्ये पेन स्वतः निघाला. वेलकम नावाच्या जहाजावर सुमारे शंभर उतारू होते. वाटेत देवीची साथ लागली व तिसांच्या आसपास माणसे समुद्रातच दगावली. अमेरिकेचा किनारा दिसला तेव्हा ऑक्टोबर महिना संपत आला होता. नदीच्या काठी स्वीडिश, फिनिश व डच लोक आधीपासूनच राहत होते. त्यांस नव्या मालकाने त्यांची घरेदारे व धर्म निर्धास्त ठेवण्याचे वचन दिले.

डेलावेअर व स्कूलकिल ह्या दोन नद्यांच्या मधल्या सपाट जागेवर त्याने नगराची आखणी केली. टॉमस होम हा मोजणीदार त्याच्या दिमतीस होता. रस्ते सरळ, एकमेकांस काटकोनात छेदणारे; हमरस्ता शंभर फूट रुंद; मध्यभागी एक व चार कोपऱ्यांकडे चार अशी पाच मोकळी मैदाने; घर शक्य तर आवाराच्या मधोमध, सभोवती बाग, म्हणजे आग लागली तर एका घरावरून दुसऱ्यावर जाऊ नये व हवा खेळती राहावी. लंडनची होळी व लंडनचा प्लेग ह्या आखणीत स्पष्ट दिसतात. कित्येक रस्त्यांस त्याने माणसांची नावे न देता झाडांची दिली. नगराचे नाव फिलाडेल्फिया, म्हणजे बंधुप्रीती. पवित्र शास्त्रातील प्रकटीकरणाच्या पुस्तकात ह्या नावाच्या मंडळीचा उल्लेख आहे. लोकांनी मात्र पुढे आवारे तोडून तुकडे केले व घरे दाटीने बांधली. पहिल्यावहिल्या रहिवाशांपैकी कित्येकांनी तर नदीच्या उंच काठात गुहा खणून त्यांतच पहिला हिवाळा काढला. असे असूनही दोनतीन वर्षांत तेथे साडेतीनशेंवर घरे झाली.

कायदेही नवे होते. इंग्लंडात त्या काळी चोरीसारख्या अपराधासही फाशी असे. पेनसिल्व्हेनियात देहान्त शिक्षा केवळ खून व राजद्रोह ह्यांपुरती ठेविली. एका देवास मानणाऱ्या कोणासही धर्ममतावरून त्रास होऊ नये असे ठरले. अधिकाराच्या जागा मात्र ख्रिस्ती लोकांपुरत्याच होत्या. श्रीमंत असो की गरीब, प्रत्येक मुलास बारा वर्षांचे झाल्यावर एखादा उपयुक्त धंदा शिकविलाच पाहिजे, असा नियम होता. पत्ते, फासे, कोंबड्यांच्या झुंजी व नाटके ह्यांस बंदी होती. आमच्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत नाटकांची केवढी हौस असते ते पाहता, आमच्या विद्यार्थ्यांस त्या प्रांतात राहणे थोडे जडच गेले असते!

शॅकमॅक्सन ह्या ठिकाणी एका विशाल एल्म वृक्षाखाली पेन व लेनापी नायक तमनेंद ह्यांनी मैत्रीचा तह केला, ही कथा जगप्रसिद्ध आहे. बेंजामिन वेस्ट ह्याने त्या प्रसंगाचे काढलेले चित्र पुष्कळांनी पाहिले असेल. पण ते तहानंतर सुमारे नव्वद वर्षांनी काढलेले असून त्यात पेन आहे त्याहून वयस्क व स्थूल दाखविला आहे. तहाचा कागद उपलब्ध नाही, इ. स. १६८२ किंवा १६८३ मध्ये तो झाला असे परंपरा सांगते. शपथ घेणे क्वेकरांस निषिद्ध. लिहिणे लेनापींस अपरिचित. तेव्हा जे काही झाले ते शब्दावर झाले, व शिंपल्यांच्या मण्यांचा विणलेला पट्टा त्याची खूण म्हणून दिला गेला. पेनने लेनापी भाषा थोडीबहुत शिकून घेतली, त्यांच्या वस्तीत तो निःशस्त्र जाई, त्यांच्या पंक्तीस बसे. त्यांच्या चालीरीतींचे त्याने इ. स. १६८३ मध्ये लिहिलेले वर्णन आदराने भरलेले आहे. शेजारच्या वसाहतींत लढाया व कत्तली होत असता, ह्या प्रांतात सत्तर वर्षांच्या आसपास किल्ल्यावाचून व फौजेवाचून शांतता टिकली, ही गोष्ट मात्र कोणत्याही परंपरेवर अवलंबून नाही.

इ. स. १६८४ मध्ये शेजारच्या मेरिलंड प्रांताचा मालक लॉर्ड बाल्टिमोर ह्याच्याशी सरहद्दीचा वाद पेटला, आणि तो राजापुढे मांडण्यासाठी पेनला इंग्लंडास परतावे लागले. दोन वर्षांत येऊ म्हणून गेलेला मनुष्य पंधरा वर्षांनी आला. मध्यंतरी त्याचा मित्र दुसरा जेम्स राजा झाला, आणि इ. स. १६८८ मध्ये पदच्युतही झाला. राजाच्या मैत्रीचा उपयोग करून पेनने हजारांवर क्वेकरांस तुरुंगातून सोडविले होते; त्याच मैत्रीमुळे आता त्याजवर राजद्रोहाचा आळ आला. तो काही काळ लपून राहिला. इ. स. १६९२ मध्ये त्याचा प्रांत काढून घेण्यात आला व दोन वर्षांनी परत मिळाला. त्याच सुमारास त्याची पहिली पत्नी ग्युलिएल्मा वारली. ह्या दुःखाच्या काळातच, युरोपातील राजांनी आपले तंटे लढाईने न सोडविता एका सामाईक सभेपुढे मांडावे, अशी सूचना करणारा निबंध त्याने लिहिला, तो इ. स. १६९३ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसऱ्या पत्नीसह, म्हणजे हॅनासह, तो इ. स. १६९९ च्या डिसेंबरात पुन्हा फिलाडेल्फियास पोहोचला. नदीच्या वरच्या अंगास पेन्सबरी येथे त्याने मोठा वाडा व बाग केली होती. त्या वाड्याविषयी लिहिताना आम्हांस थांबावे लागते. कारण तेथे राबणाऱ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. इ. स. १६८४ मध्ये दीडशे आफ्रिकन माणसांनी भरलेले जहाज फिलाडेल्फियाच्या धक्क्यास लागले, तेव्हा बंधुप्रीतीच्या त्या नगरातील लोकांनी ती माणसे विकत घेतली होती. इ. स. १६८८ मध्ये जवळच्याच जर्मनटाउन गावातील चौघांनी, मनुष्य विकत घेणे व चोरणे ह्यांत भेद नाही अशा अर्थाचा लेखी निषेध आपल्या धर्मसभेस सादर केला. सभेने तो बाजूस ठेविला. क्वेकरांच्या फिलाडेल्फिया येथील वार्षिक सभेने आपल्या लोकांस गुलाम बाळगण्याची मनाई केली ती इ. स. १७७६ मध्ये. लेनापी मनुष्यातील देवाचा प्रकाश ज्यास दिसला, त्यास आपल्याच बागेत खणणाऱ्या मनुष्यातील तो प्रकाश गुलामगिरी मोडण्याइतका स्पष्ट दिसू नये, ह्याचे समाधानकारक उत्तर आम्हांस सापडत नाही. आणि काळाची रीतच तशी होती, एवढे म्हणूनही भागत नाही, कारण जर्मनटाउनचे ते चौघे त्याच काळातले होते.

इ. स. १७०१ मध्ये लोकसभेस पुष्कळ अधिकार देणारी नवी सनद देऊन तो इंग्लंडास गेला तो पुन्हा परतला नाही. आपल्या प्रांतात तो दोन्ही खेपा मिळून चार वर्षेही राहिला नाही.

त्याच्या उतारवयाची कहाणी कष्टाची आहे. फिलिप फोर्ड नावाचा त्याचा एक कारभारी होता. तोही क्वेकर, म्हणून पेनने त्याजवर डोळे झाकून विश्वास टाकिला. कारभारी हिशेब मांडी, व्याजावर व्याज चढवी, आणि पुढे ठेवलेल्या कागदांवर पेन न वाचता सही करी. अशा एका कागदाने त्याने सबंध पेनसिल्व्हेनिया प्रांतच फोर्डच्या नावे करून दिला होता! फोर्डच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने दावा लावला. ती रक्कम देण्याचे पेनने नाकारले, तेव्हा इ. स. १७०८ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, एका प्रांताचा मालक लंडनच्या कर्जदारांच्या तुरुंगात जाऊन बसला. मित्रांनी हिशेब तपासून व वर्गणी जमवून त्यास सोडविले. इकडे वसाहतवाले खंड देत नव्हते, आणि थोरला मुलगा उधळ्या निघाला. कंटाळून त्याने प्रांत राजसत्तेस विकण्याचे ठरविले. कागद तयार होत होते, तोच इ. स. १७१२ मध्ये त्यास पक्षाघाताचा झटका आला व ती विक्री राहिली. पुढील सहा वर्षे तो लहान मुलासारखा घरात वावरे. प्रांताचा कारभार हॅना पाही, आणि तो तिने मोठ्या शहाणपणाने पाहिला. इ. स. १७१८ च्या जुलै महिन्याच्या ३० व्या तारखेस तो वारला. बकिंगहॅमशायर परगण्यातील जॉर्डन्स येथे क्वेकरांच्या साध्या सभागृहाजवळ त्याची कबर आहे.

चरित्र येथे संपते; परंतु शब्दावर झालेल्या त्या तहाचे पुढे काय झाले, हे सांगितल्यावाचून ते पुरे होणार नाही. पेनचे मुलगे बापाचा पंथ हळूहळू सोडीत गेले, व कर्जे फेडण्यासाठी त्यांस जमीन हवी होती. इ. स. १७३७ मध्ये टॉमस पेन ह्याने इ. स. १६८६ चा म्हणून एक जुना कागद पुढे केला. मनुष्य दीड दिवसात जितका चालेल तितकी जमीन लेनापींनी बापास दिली होती, असे त्यात असल्याचे सांगण्यात आले. लेनापी नायकांस चालणे म्हणजे काय ते ठाऊक होते: मनुष्य चालतो, दमला म्हणजे बसतो, चिलीम ओढतो, जेवतो, पुन्हा चालतो. टॉमस ह्याने आधी गुपचूप रान तोडवून वाट साफ करविली, बक्षिसाची लालूच दाखवून तीन चपळ माणसे निवडली, आणि सप्टेंबर महिन्यात ठरल्या दिवशी त्यांस सोडले. ती धावतच सुटली म्हणावयाची. दोघे वाटेत गळाले. तिसरा दीड दिवसात साठांहून अधिक मैल गेला. मग शेवटच्या खुणेपासून नदीपर्यंतची रेघही अशी तिरपी ओढली की लेनापींची उरलीसुरली शिकारीची राने तीत आली. सोबत आलेले लेनापी, ही चाल नव्हे, असे म्हणून वाटेतच परत फिरले होते. पाच वर्षांनी त्यांस त्या भूमीतून घालवून देण्यात आले. बापास कागद न वाचल्यामुळे तुरुंग पाहावा लागला. मुलाने कागद वाचून शेजाऱ्यांस देशोधडीस लाविले. इ. स. १७५५ मध्ये त्या सरहद्दीवर घरे जळू लागली, व पुढल्या वर्षी युद्धास मत देणे नको म्हणून पुष्कळ क्वेकर सभासद लोकसभेतून बाहेर पडले.

लेनापी लोक पश्चिमेकडे ढकलले जात जात पार ओक्लाहोमापर्यंत गेले. काही कॅनडातील ओंटारिओ प्रांतात जाऊन राहिले. त्यांचे वंशज तेथे आज आहेत. शॅकमॅक्सनचा तो एल्म वृक्ष इ. स. १८१० च्या वादळात उन्मळून पडला. पेनच्या एका पणतूने इ. स. १८५७ मध्ये शिंपल्यांच्या मण्यांचा एक पट्टा पेनसिल्व्हेनियाच्या इतिहासमंडळास अर्पण केला. लेनापींनी एल्मखाली दिला तो हाच, असे त्या घराण्यात चालत आलेले होते. पांढऱ्या मण्यांच्या त्या पट्ट्यावर जांभळ्या मण्यांनी दोन माणसे विणली आहेत. ती एकमेकांचा हात धरून उभी आहेत, आणि त्यांतील एकाच्या डोक्यावर टोपी आहे.